बुंदी, नरक्या आणि बाबा



गेल्या अंकात या सदरात थंडीत घरात तुळस कशी जगवायची ते लिहिलं होतं. यंदाचं झाड फारसं कुणाला ठाऊक नसलेलं, पण आता आमच्या घरचंच झालेलं.

गेल्या वर्षी बाबांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. मुलांना घेऊन मी तीन महिने पुण्याला राहिले. सलाइनमधून त्यांना जे औषध द्यायचे, त्याचं नाव इरिनोटेकन. ते कॅम्प्टोथेसिनपासून बनतं आणि कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यात असतं, हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, आजऱ्याच्या आपल्या डोंगरातली नरक्याची झाडं मीच ठेकेदाराला दिली. घाण वासाचं झाड, काय कामाचं, म्हणून."

हे द्रव्य १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं काढलं. वाणी मूळचे नंदुरबारचे, आणि काम केलं ते इथे, आपल्या नॉर्थ कॅरोलिनात! १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यात सापडलं आणि पुढे त्या झाडावर कुऱ्हाड आली.

मग ते पुन्हा वाढवायचं कसं? मी पडले मराठीची बाई. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी आता ऊतीसंवर्धन शिकते. तिनं व्हिडिओ कॉलवर माझा तास घेतला. झाडाचा शेंड्याकडचा कोंब घ्यायचा, निर्जंतुक करायचा आणि साखर, क्षार, संप्रेरकं घातलेल्या अगारवर बाटलीत ठेवायचा. त्याला फुटवे येतात, ते वेगळे करून पुन्हा वाढवायचे. मुळं फुटली की रोपाला हळूहळू बाहेरच्या हवेची सवय लावायची.

कृत्रिम बी तर आणखी गमतीचं. इवलासा कोंब समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटमध्ये घोळवायचा आणि तो थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. बाहेरून आवरण धरतं आणि टपोरा मणी तयार! "अगं, ही तर बुंदीच!" मी म्हणाले. "हो बाई, फक्त तळायची नाही," ती हसली. असे मणी काही काळ फ्रिजमध्ये राहतात, न्यायला सोपे पडतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९८७ मध्येच तुतीच्या कोंबांवर आणि पुढे चंदनावरही हा प्रयोग झाला.

मग जंगल गेलं तरी चालेल का, असं मी विचारलं. ती गंभीर झाली. एका झाडाच्या कोंबांपासून केलेली सगळी रोपं एकाच वाणाची. एखादा रोग आला तर सगळीच जातील. म्हणून कोंब अनेक ठिकाणच्या झाडांचे घ्यायचे, आणि ती झाडं उभी असली तरच ते मिळणार. बाटली ही ठेव आहे, जंगल हे घर आहे.

बाबांचे उपचार जूनमध्ये संपले. सध्या तपासण्या बऱ्या आहेत, पुढचं पुढे. पावसाळ्यात त्यांनी रोपवाटिकेतून नरक्याची चार रोपं आणून डोंगरात लावली. एक गुरांनी खाल्लं, तीन आहेत. फोनवर आधी त्यांचा हिशेब होतो, मग तब्येतीचा.

तुम्ही यंदा गावी जाल तेव्हा घरच्या थोरांना एवढं विचारा: आपल्या रानात पूर्वी कोणती झाडं होती आणि आता कोणती दिसत नाहीत? मुलांना शेजारी बसवून विचारा, आणि मला जरूर कळवा.