फाट्यावरचे चालक आणि शासनाचा परवाना

पुणे-सातारा महामार्गावर चेलाडी फाट्याला उतरून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे जाणारा माणूस एस.टी.ची वाट पाहत बसतोच असे नाही. फाट्यावर जीप उभी असते. आत किती माणसे बसली आहेत याचा तो अंदाज घेतो आणि उरलेली जागा धरतो. आंबवणे, करंजावणे, मार्गासनी, विंझर या वाटेवरच्या गावांतील शिक्षक, कचेरीतील कारकून, महाविद्यालयात जाणारी मुले, बाजाराला निघालेल्या स्त्रिया या साऱ्यांना 'वडाप' हा शब्द पाठ आहे. पोलिसांच्या आणि परिवहन खात्याच्या कागदांत मात्र या व्यवहाराचे नाव 'अवैध प्रवासी वाहतूक' असे आहे. ज्याच्या भरवशावर शाळा वेळेवर भरते, तो माणूस सरकारदप्तरी गुन्हेगार ठरावा, ही विसंगती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याविषयी कोणी बोलतही नाही.

एकदा मात्र ती शासनानेच उघडी पाडली. एस.टी. महामंडळाचे शासनात विलीनीकरण व्हावे या मागणीसाठी कर्मचाऱ्यांनी २०२१ च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू केला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. प्रवाशांचे हाल होऊ लागताच नोव्हेंबर २०२१ मध्ये गृह विभागाने अधिसूचना काढली आणि संप मिटेपर्यंत खाजगी बसगाड्या, शाळांच्या बसगाड्या, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्यास मुभा दिली. कालपर्यंत ज्या कृत्याबद्दल दंडाची पावती फाडली जात होती, तेच कृत्य एका कागदाने लोकसेवा ठरले. आणि संप मिटताच ती पुन्हा गुन्हा झाली. अडचणीच्या वेळी हवा आणि एरवी नको, असा हा चालक आहे. लग्नघरच्या आचाऱ्यालाही याहून बरी वागणूक मिळते.

कायद्यातील पेच समजून घेण्याजोगा आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार टॅक्सी किंवा मॅक्सीकॅब हे कंत्राटी वाहन आहे. त्याने ठरलेले प्रवासी एका ठिकाणाहून उचलावेत आणि दुसऱ्या ठिकाणी पोहोचवावेत. वाटेत प्रवासी चढविणे-उतरविणे ही टप्पा वाहतूक झाली आणि तिचा हक्क महाराष्ट्रात प्रामुख्याने एस.टी.चा. एस.टी. स्थानकापासून २०० मीटरच्या आत खाजगी वाहनांना मज्जाव आहे तोही याच भूमिकेतून. परंतु याच अधिनियमाच्या व्याख्येत असेही म्हटले आहे की, मोटारकॅबमधील प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी तिचे कंत्राटी वाहन हे स्वरूप बदलत नाही. मुंबईत शेअर टॅक्सीचे मार्ग आणि माणशी भाडे परिवहन प्राधिकरण रीतसर ठरवून देते, ते उगीच नव्हे. मुंबईतील कचेऱ्यांच्या वाटेवर जे नियमात बसविता आले, ते नसरापूर-वेल्हे रस्त्यावर बसविता येणार नाही असे मानण्याचे कारण कोणते? वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले. तालुक्याला जाणाऱ्या माणसाच्या प्रवासाला अजून नाव मिळायचे आहे.

हा प्रश्न केवळ चालकाच्या मानापमानाचा असता तर तो लांबणीवर टाकता आला असता. परवान्याविना प्रवासी नेणाऱ्या गाडीला अपघात झाला म्हणजे त्याचे खरे रूप दिसते. परवाना नसणे हा विम्याच्या शर्तींचा मूलभूत भंग आहे, विमा कंपनीने जखमींना भरपाई द्यावी आणि ती रक्कम मालकाकडून वसूल करावी, हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात उचलून धरले. कर्ज काढून एकच जीप घेतलेल्या माणसाकडून लाखांची वसुली म्हणजे गाडी आणि जमीन दोन्हींवर पाणी. प्रवाशालाही न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात त्या वेगळ्याच. दंडाने, आणि दंड चुकविण्यासाठी गुपचूप दिल्या जाणाऱ्या चिरीमिरीने, यांतील एकही गोष्ट सुटत नाही.

या तालुक्यांतील जे तरुण पुण्यात जाऊन मोबाईलवरच्या कंपन्यांसाठी टॅक्सी चालवितात, त्यांची कथा वरवर वेगळी दिसते. त्यांच्याकडे परवाना असतो, बिल्ला असतो, विमा असतो. भाड्याचा दर मात्र त्यांच्या हाती नाही. पुणे जिल्ह्याच्या परिवहन प्राधिकरणाने वातानुकूलित टॅक्सीसाठी पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरला २५ रुपये असा दर ठरविला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. कंपन्यांनी तो पाळला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये प्राधिकरणाने दोन मोठ्या कंपन्यांचे परवान्यासाठीचे अर्ज फेटाळले, तरीही गाड्या धावत राहिल्या. अखेर मे २०२५ पासून पुण्यातील अनेक चालकांनी पडद्यावर दिसणारा आकडा बाजूला ठेवून प्राधिकरणाच्या दराने पैसे मागायला आरंभ केला. जुलैमध्ये मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलन झाले. सरकारने ठरविलेला दर सरकारनेच अमलात आणावा, एवढ्याचसाठी चालकांना रस्त्यावर यावे लागले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात भाड्यातील किमान ८० टक्के वाटा चालकाला देण्याची तरतूद झाली, ती या रेट्याविना झाली असती असे वाटत नाही.

फाट्यावरचा चालक कायद्याबाहेर आणि शहरातला चालक कायद्यात. पण नियम ठरविणाऱ्या मेजापाशी दोघांनाही खुर्ची नाही. लंडनमध्ये अशाच टॅक्सीचालकांनी न्यायालयाची पायरी चढून २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाकडून आपण कामगार आहोत हे मान्य करून घेतले. महाराष्ट्राला मात्र त्यासाठी लंडनकडे पाहण्याचे कारण नाही. ज्यांना एक ठराविक मालक नाही अशा कष्टकऱ्यांसाठी १९६९ मध्ये याच राज्याने माथाडी कायदा केला. माथाडी मंडळांत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान संख्येने बसतात, शासनाचेही बसतात. हमालाला भविष्यनिर्वाह निधी मिळू शकतो हे तेथे सिद्ध झाले. पुण्यात हमाल पंचायत उभी करणाऱ्या बाबा आढाव यांनीच पुढे रिक्षा पंचायतही उभी केली. २०२५ च्या डिसेंबरात ते निवर्तले. डोक्यावर ओझे वाहणारा आणि तीन चाकांवर माणसे वाहणारा यांना एकाच सूत्रात ओवता येते, हे त्यांनी करून दाखविले होते. चार चाकांसाठी ते सूत्र वापरण्यास कोणाची हरकत आहे?

हरकत एस.टी.च्या कामगारांची आहे आणि ती खोटी नाही. भरलेल्या फेऱ्या जीपने न्याव्यात आणि रिकाम्या फेऱ्या एस.टी.ने हाकाव्यात असे झाले तर सवलतीच्या तिकिटावर जाणारी म्हातारी माणसे आणि पासवाले विद्यार्थी यांचे काय, हा त्यांचा प्रश्न आहे. म्हणूनच परवाने द्यायचे ते एस.टी.च्या शाळा-कॉलेजच्या वेळच्या फेऱ्यांना धक्का न लावता, ज्या वेळांना बस नाही त्या वेळांसाठी आणि मोजक्या संख्येने दिले पाहिजेत. मॅक्सीकॅबच्या परवान्यांची चर्चा मंत्रालयात अधूनमधून होते, विरोध होतो आणि ती थंडावते; अशा बंदोबस्ताचा तपशील मांडूनच तिला पुन्हा तोंड फोडावे लागेल.

चालकांनाही काही सोडावे लागेल. नऊ जणांच्या गाडीत पंधरा बसविणे, टपावर पोरे चढविणे, भरल्याशिवाय गाडी न हलविणे या गोष्टी गरिबीच्या नावाखाली खपवून घेण्याजोग्या नाहीत. वडापच्या थांब्यांवर नंबराची शिस्त असते. ज्याचा नंबर त्याची गाडी आधी भरते, आणि ती मोडणाऱ्याला इतर चालकच वठणीवर आणतात. कोणत्याही अधिनियमात नसलेली ही शिस्त ज्यांना पाळता येते, त्यांना नोंदणीकृत संघटना बांधणे अवघड नाही. पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या वाहतूक व्यवसायाला २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा एका जीपच्या मालकापर्यंत पोहोचत नव्हता. म्हणून तर एकत्र येण्याची निकड त्याला अधिक आहे.

जिल्हाधिकारी हे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. चेलाडी ते वेल्हे या एका मार्गावर चालक, एस.टी. महामंडळ, ग्रामपंचायती आणि प्रवासी यांना बोलावून सुनावणी घेण्यास, गाड्यांची संख्या, माणशी भाडे आणि थांबे ठरविण्यास आरंभ त्यांनी करावा. जेथे राज्याची मंजुरी लागेल तेथे प्रस्ताव पाठवावा. सुनावणी पुण्याच्या कचेरीत न ठेवता नसरापुरात ठेवली, तर चालकांची त्या दिवसाची कमाई बुडणार नाही आणि शाळा सुटल्यावर शिक्षकांनाही तेथे येता येईल.