याद कोणाच्या नावाने?

महिला सल्ला केंद्रात अकरा वर्षं काम केल्यावर मी लग्नं पार पाडून देण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा मैत्रिणी रागावल्या. ‘ज्या बाजाराला विरोध केला, तिथेच दुकान मांडलंस?’ एकीने तोंडावर विचारलं. प्रश्न खोटा नव्हता. पण घरभाडं भरायचं होतं, आणि पंचवीस माणसांना कामाला लावून कार्य तडीस नेणं मी मोर्चे-शिबिरांतच शिकले होते!

धंदा म्हणून यात बाईला वाव आहे. भांडवल फार लागत नाही. वही, फोन आणि शब्दाला जागणारी माणसं लागतात. आचारी, मांडववाले, फुलवाले यांना इसार आधी द्यावा लागतो, गिऱ्हाइकाचे पैसे मागून येतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात, त्याची बेगमी उन्हाळ्यातच करावी लागते. हे सगळं अनुभवाने जमतं. मला अवघड गेलं ते वेगळंच.

आमच्याकडे साताऱ्यात याद्यांच्या बैठकीला आता मलाही बोलावतात. कागदाला हळदकुंकू लावतात आणि देणंघेणं लिहितात. ‘हुंडा’ हा शब्द कुणी उच्चारत नाही. ‘आम्हाला काही नको, फक्त लग्न दोन्ही अंगी करून द्या,’ म्हणतात. म्हणजे कार्यालय, जेवणावळी, नवऱ्यामुलाचा पोशाख, वऱ्हाडाच्या गाड्या, विहीणबाईंचा मानपान, सगळं मुलीच्या बापाच्या माथी. आणि त्याची बेरीज करून बिल कोण देणार? मी.

१९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम देणाऱ्या-घेणाऱ्याबरोबर त्यांना साहाय्य करणाऱ्यालाही शिक्षा सांगतं, किमान पाच वर्षं कैद आणि दंड. जेवणावळीचा खर्च हुंड्यात मोडतो की नाही यावर वकील वाद घालतील. मागून घेतलेली अंगठी आणि गाडी मोडतेच. हे कलम मी केंद्रात कितीजणींना वाचून दाखवलं होतं.

म्हणून मी दोन गोष्टी ठरवल्या. बिलं दोन, दोन घरांच्या नावाने. ज्याचं त्याने भरायचं. आणि आहेराच्या टेबलावर वही. घराबाहेर काढलेली बाई केंद्रात आली की आम्ही विचारायचो, दागिने, भांडी, कपाट कुठे आहे? सासरी. पुरावा? काही नाही. खरं तर १९८५ च्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची यादी लग्नाच्या वेळीच करायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहून खाली वधूवरांच्या सह्या घ्यायच्या, आणि यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. पाकिटातले एकावन्न रुपये टिपून घ्यायला आपल्याकडे मामा बसलेला असतो. पाच तोळ्यांची नोंद मात्र कुठेच नसते.

पहिल्या वर्षी या वहीपायी चार घरांनी इसार परत मागितला. नवल म्हणजे त्यात तीन मुलीकडचे होते. ‘व्याह्यांना वाटेल, आम्ही आधीच संशय घेतोय.’ त्या बापांचा मला राग येत नाही. मुलगी द्यायची म्हणजे मान खाली घालायची, हेच त्यांना शिकवलं गेलंय.

एकदा मीही मान खाली घातली. सराई संपत आली होती, मोठं काम होतं, आणि वराच्या काकांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी वही पिशवीतच ठेवली. दोन वर्षांनी त्या मुलीची आई मला मंडईत भेटली. मुलगी माहेरी परत आली होती. ‘बाई, त्या दिवशी काय काय दिलं होतं, तुमच्याकडे लिहिलेलं असेल ना?’

वही आता मी पिशवीत ठेवत नाही.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. त्या फुलांच्या सजावटीबद्दल, दरांबद्दल विचारतात, सांगते. पण त्यांच्यातल्या कितीजणी याद्यांच्या बैठकीत तोंड उघडतील, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या वेळी खोलीत अनेकदा दुसरी बाईच नसते. मुलीची आई चहाच्या तयारीत असते.

येत्या रविवारी एक याद आहे. मुलाच्या मामांचा निरोप आलाय, बिल एकच करा आणि वही नको. मी दोन्हींना नाही म्हणून कळवलंय. मुलीकडून अजून उत्तर नाही.