अटकेची नोंद कोणासाठी?

अमेरिकेत एखादा मनुष्य पकडला गेला की त्याची पहिली रात्र बहुधा काउंटीच्या तुरुंगात जाते. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा. अशा तीन हजारांहून अधिक काउंट्या त्या देशात आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे तुरुंग लोकांनी निवडून दिलेल्या शेरीफच्या ताब्यात असतात. कैदी आत येताच त्याचे नाव, जन्मतारीख, बोटांचे ठसे, छायाचित्र, आरोपाचे कलम आणि जामिनाची रक्कम टिपून घेतली जाते. पूर्वी ही नोंद कचेरीतील दप्तरात राही. ज्याला ती पाहावयाची असेल त्याला तेथवर जावे लागे. आता असंख्य काउंट्यांनी ती संकेतस्थळावर ठेवली आहे. कोणीही, कोठूनही, कोणाचेही नाव घालून ती शोधू शकतो. शासनाचे दप्तर जनतेला खुले झाले, याचे लोकशाहीवादी माणसाने स्वागतच करावे, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु खुले झालेले दप्तर शासनाच्या वर्तनाचे आहे की शासनाच्या हाती सापडलेल्या माणसाच्या अब्रूचे, हा प्रश्न त्याआधी विचारला पाहिजे.

अटक उघड असली पाहिजे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. जेथे माणसे गुपचूप उचलली जातात तेथे कायदा उरत नाही. आपल्या देशाला हा धडा आणीबाणीने दिला. केरळमधील अभियांत्रिकीचा विद्यार्थी राजन याला मार्च १९७६ मध्ये पोलिसांनी नेले. त्याचे वडील प्राध्यापक ईच्चर वारियर वर्षभर दारोदार फिरले. १९७७ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला, तेव्हाही अशी अटक झालीच नाही, असे सरकारतर्फे सांगण्यात आले. मुलगा कक्कयमच्या पोलीस छावणीतच मरण पावला होता. त्याचे नाव त्याच दिवशी एखाद्या फलकावर लिहिणे पोलिसांना भाग पडले असते, तर हे असत्य इतके सहज पचले नसते. अमेरिकेतही खुल्या नोंदीचा पहिला लाभ अटकेतील माणसाच्या घरच्यांनाच होतो. सर्व काउंट्यांची मिळून एक राष्ट्रीय यादी तेथे नाही. घरी न परतलेला मनुष्य कोठे पकडला गेला असेल याचा अंदाज बांधून त्या त्या शेरीफची यादी धुंडाळावी लागते. ती यादीच नसेल, तर गरिबाच्या घरच्यांनी जावे कोठे?

तरीही खुलेपणाचा पुरस्कार येथेच थांबवता येत नाही. केंटकी राज्यातील जेफरसन काउंटीच्या इतिहासात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. डिसेंबर १९९३ मध्ये तेथील लुइव्हिल शहरात एका तरुणीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून झाला. तिच्यावरील अत्याचाराच्या आरोपावरून अटकेत असलेला तिचा पूर्वीचा मित्र जामिनावर सुटला होता आणि हे तिला कोणीही कळवले नव्हते. पुढील वर्षी, आरोपी सुटताच पीडितेला दूरध्वनीने सूचना देणारी यंत्रणा त्या काउंटीत सुरू झाली व नंतर ती देशभर पसरली.

त्याच शहरात वीस वर्षांपूर्वी, १९७२ च्या अखेरीस, पोलिसांनी दुकानांतून चोरी करणाऱ्यांची सचित्र यादी छापून सुमारे ८०० व्यापाऱ्यांना वाटली होती. तीत एका वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचेही नाव होते. त्याच्यावर आरोप होता, परंतु तो शाबीत झालेला नव्हता. पत्रक निघाल्यानंतर थोड्याच दिवसांत तो काढूनही टाकण्यात आला. त्याने दाद मागितली. 'पॉल विरुद्ध डेव्हिस' या खटल्यात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा निर्णय दिला की, केवळ बदनामीमुळे घटनेने संरक्षिलेल्या स्वातंत्र्याचा भंग होत नाही. जिला माहिती हवी होती तिच्यापर्यंत ती पोहोचली नाही आणि ज्यांचा तिच्याशी संबंध नव्हता अशा आठशे दुकानांत ती पोहोचली. तात्पर्य, नोंद खुली की बंद एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ती कोणासाठी, कशासाठी आणि किती काळ खुली, हे ठरवावे लागते.

या प्रश्नाची व्याप्ती लहान नाही. अमेरिकेच्या न्यायविषयक सांख्यिकी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०१९ मध्ये स्थानिक तुरुंगांत सुमारे १ कोटी ३ लाख वेळा माणसे दाखल झाली. महासाथीनंतर ही संख्या घटली, तरी २०२३ मध्ये ती ७६ लाख होती. २०२३ च्या मध्यास या तुरुंगांत असलेल्या सुमारे ६ लाख ६४ हजार कैद्यांपैकी ७० टक्क्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने हे निर्दोष लोक होत. त्यांच्यातील कित्येक आत राहतात ते गुन्ह्याच्या गांभीर्यामुळे नव्हे, तर जामिनाची रोकड नसल्यामुळे. इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये रोख जामिनाची पद्धत संपूर्णपणे बंद केली. असे करणारे ते पहिले राज्य ठरले. अन्यत्र पैसेवाला सायंकाळी घरी जातो आणि कंगाल यादीत राहतो.

जेथे लज्जा आहे तेथे तिचा बाजार मांडणारा भांडवलवाला येणारच. शेरीफच्या संकेतस्थळांवरील छायाचित्रे उचलून आपल्या संकेतस्थळावर मांडायची आणि ती काढून टाकण्यासाठी त्याच माणसाकडून पैसे घ्यायचे, हा धंदा अमेरिकेत २०१० नंतर फोफावला. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याची रचना मोठी बोलकी आहे. कच्चा माल जनतेच्या खर्चाने तयार होतो व फुकट मिळतो. ग्राहक खरेदीला स्वखुशीने येत नाही. नोकरी किंवा भाड्याचे घर हातचे जाईल या भयाने येतो. किंमत मालाच्या खर्चावर नव्हे, त्या भयावर ठरते. एकाने काढलेले छायाचित्र दुसऱ्याकडे राहते, म्हणून एकदा पैसे देऊनही सुटका होत नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी अशा एका संकेतस्थळाच्या चौघा चालकांवर खंडणीचे आरोप ठेवले. तीन वर्षांत देशभरातील साडेपाच हजारांहून अधिक लोकांकडून वीस लाख डॉलरवर रक्कम उकळण्यात आली, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. तत्पूर्वी जॉर्जियाने २०१३ मध्ये व कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा वसुलीला आळा घालणारे कायदे केले होते. परंतु विकणाऱ्याला दंड करून माल पुरवणारा मोकळाच राहिला, तर बाजार दुसरीकडे उभा राहतो.

आणि माल पुरवणारे शासनही निष्पाप नसते. पेनसिल्व्हेनियातील बक्स काउंटीने १९३८ पासून आपल्या तुरुंगात आलेल्या सुमारे ६७,००० माणसांची माहिती सर्वांना शोधता येईल अशा रीतीने संकेतस्थळावर चढवली. ज्याची अटकेची नोंद न्यायालयाच्या आदेशाने २००० मध्येच पुसली गेली होती, अशा एका गृहस्थाला स्वतःचे छायाचित्र तेथे आढळले. त्याच्या दाव्यात मे २०१९ मध्ये ज्यूरीने काउंटीने राज्याचा कायदा जाणूनबुजून मोडल्याचे ठरवले आणि त्या सर्वांना प्रत्येकी १,००० डॉलर दंडात्मक भरपाई देण्याचा निर्णय दिला. न्यायालयाने पुसलेले अक्षर यंत्राने पुन्हा उमटवले होते.

या शिक्क्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ महिलेने मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरीच्या अर्जासाठी पाठवण्यात आले. पूर्वी शिक्षा झाल्याचे सांगणाऱ्या गोऱ्या उमेदवारांपैकी १७ टक्क्यांना मालकांनी पुन्हा बोलावले, तर कोणताही डाग नसलेल्या काळ्या उमेदवारांपैकी केवळ १४ टक्क्यांना. डाग असलेल्या काळ्यांचे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. हा प्रयोग दोषसिद्धीविषयी होता, हे खरे. परंतु अटक आणि दोषसिद्धी यांतील भेद कायद्याच्या पुस्तकात जितका ठळक असतो, तितका कारखान्याच्या दारावर राहत नाही. तेथे छायाचित्रच निकालपत्र ठरते.

पत्रकारांचा यावर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. नोंदी झाकल्या तर पोलिसांनाच पडदा मिळेल, कोठडीतील मारहाण उघडकीस येणार नाही, असे ते म्हणतात. याचे उत्तर नोंदीचे दोन भाग करण्यात आहे. कोणाला, केव्हा, कोणत्या कलमाखाली, कोणत्या अधिकाऱ्याने पकडले, कोठे ठेवले, न्यायालयापुढे केव्हा उभे केले, या गोष्टी शासनाच्या कृत्यांचा हिशेब होत. माणूस कोठडीत आहे तोवर त्या उघड्याच असल्या पाहिजेत. चेहरा, घरचा पत्ता आणि सुटकेनंतरही सर्वांना शोधता येणारे नाव हा तो हिशेब नव्हे. कचेरीकचेरीत विखुरलेली माहिती आणि यंत्राने एकत्र केलेले चरित्र यांत फरक आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेच १९८९ मध्ये मान्य केले होते. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये अटकेच्या छायाचित्रांच्या प्रसिद्धीवर बंधन घातले. युटाने २०२१ मध्ये दोषसिद्धीपर्यंत ती सामान्यतः न देण्याचा कायदा केला. मार्ग सापडू शकतो, तो असा.

हा विषय सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून देता येणार नाही. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अटकेचा पंचनामा, नातेवाइकांस खबर आणि नियंत्रण कक्षातील फलक यांचे बंधन पोलिसांवर घातले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ ने अटकेतील व्यक्तींची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि जिल्ह्याच्या मुख्यालयी, अंकीय माध्यमातूनही, ठळकपणे प्रदर्शित करण्याची तरतूद केली आहे. ही तरतूद राजनसारखी माणसे नाहीशी होऊ नयेत यासाठी मोलाची आहे. परंतु सुटलेल्या माणसाचे नाव केव्हा उतरवावे, याविषयी ते कलम मौन पाळते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांच्या वहीत कोंडली आणि १९५२ मध्ये तो रद्द झाल्यावरही ज्यांच्या पालावर चोरी झाली की पहिला छापा पडतो, त्या पारध्यांना या मौनाची किंमत इतरांच्या आधी मोजावी लागेल.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. आपल्या तालुक्याच्या ठाण्यात हा फलक लागतो का, तो रोज भरला जातो का, याची विचारणा करावी. आणि जामीन, सुटका वा निर्दोषता होताच नाव उतरवण्याची, संकेतस्थळावरील नोंद पुसण्याची व छायाचित्र मुळीच न देण्याची मुदतबद्ध तरतूद मागावी. पहिली मागणी सोडली तर पोलिसांचे फावते, दुसरी सोडली तर दलालांचे. फलक ठाणेदाराला जाब विचारण्यासाठी आहे. कोठडीतून सुटून दुसऱ्या दिवशी कामाला जाणाऱ्या मजुराला गावाने बोट दाखवावे, यासाठी नाही.