सही तुमची, आकडा त्यांचा



परवा रामबागेत एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत शेजारी आमच्याच वयाचे एक गृहस्थ. बोलता बोलता मुलाच्या घरकर्जावर विषय आला. मंजुरीपत्रात एक दर, खात्यात दुसरा. मी म्हटलं, "मग लेखी विचारा की." ते म्हणाले, "छे हो, चार पिढ्या इंदुरात काढल्या, कधी कुणाशी पैशावरून वाद घातला नाही. बँकेशी भांडणं आपल्या घराण्यात बसत नाही."

जिलबीचा घास हातातच राहिला. पंगतीत बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. थोडं कडू लागेल, पण पस्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचं ऐकून घ्या.

आपण इंदूरकर मराठी माणसं घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदीत घासाघीस करतो आणि सही मात्र न वाचलेल्या इंग्रजी कागदावर करतो. छावनीत डाळ घेताना किलोमागे दोन रुपयांसाठी तीन दुकानं फिरतो. तीस लाखांचं कर्ज घेताना विचारतो काय? "साहेब, कुठे सही करू?"

आणि ही सवय तुम्हाला लावली कोणी? आम्ही. मी. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने फुल्या मारायच्या आणि सांगायचं, "जिथे फुली, तिथे सही." करारात रक्कम कोरी, दर कोरा, तारीख कोरी. सगळं मागाहून भरायचं. गर्दीच्या दिवशी दुसरा इलाज नसे, अशी आम्ही स्वतःची समजूत घालत असू.

ऐंशीच्या दशकात माळव्यातल्या एका छोट्या शाखेत होतो. तेव्हा गरिबांसाठी ४ टक्क्यांची योजना होती, १९७२ पासून चालत आलेली. एका हातगाडीवाल्याला तिच्यात कर्ज दिलं. खातं उघडताना चुकून साध्या कर्जाच्या दराचं उघडलं गेलं. तो बिचारा एकदा विचारायला आला, "बाबूजी, आपने तो चार बोला था." मी मान वर न करता म्हणालो, "कागज पे तुम्हारा अंगूठा है." वर्षभराने इन्स्पेक्शनमध्ये चूक निघाली. दुरुस्ती झाली, पण तोवर तो कर्ज फेडून गाव सोडून गेला होता. परत करायची रक्कम कुणाला द्यायची? ती खात्यात पडून राहिली. रक्कम लहान होती. माझं वाक्य लहान नव्हतं.

आता भाचीची गोष्ट. २०२२ साली तिने आणि जावयांनी फ्लॅट घेतला. कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं. मंजुरीपत्रात स्वच्छ छापलेलं: रेपो दर अधिक २.९० टक्के. रेपो तेव्हा ४ टक्के होता, म्हणजे एकूण ६.९०. रंगपंचमीची गेर झाली आणि दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, दोघांनी शाखेत जाऊन फुल्यांवर सह्या केल्या. गुढीपाडवा उलटला. ७ एप्रिलला रजिस्ट्री झाली आणि विकणाऱ्याच्या हातात बँकर्स चेक पडला. पेढे आम्हीही खाल्ले.

पुढे रेपो वाढत गेला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात ४ चा ६.५० झाला. एक दिवस हप्ता २३,६२१ वरून थेट अठ्ठावीस हजारांच्या वर गेला. कळवलं कुणीच नाही, खात्यातून पैसे गेले तेव्हाच कळलं. दिवाळीत भाची फाईल घेऊन आली. म्हणाली, "मामा, वाढलं ते कळतं, पण हिशोब जुळत नाहीये."

हिशोब जुळणारच नव्हता. ६.९० ने ३० लाखांचा २० वर्षांचा हप्ता २३,०७९ येतो. २३,६२१ येतो तो ७.२० ने. म्हणजे पहिल्या दिवसापासून पॉइंट तीस जास्त. दर तिथेच थांबला असता तरी २० वर्षांत १ लाख ३० हजारांच्या घरात फरक.

कराराची प्रत मागितली. दिली नव्हतीच. कराराची प्रत सगळ्या सहपत्रांसह कर्जदाराला द्यायची, हे रिझर्व्ह बँकेने फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे. तीन फेऱ्यांनंतर झेरॉक्स मिळाली. तिच्यात छापील मजकुरात पेनाने भरलेलं: ३.२०. खाली आधीचा एक आकडा खोडलेला. खाडाखोडीशेजारी कर्जदाराची सही नाही. आमच्या काळात शिपाईसुद्धा सांगायचा, खोडलंत तर पूर्ण सही घ्या.

शाखेतला तरुण अधिकारी सभ्य होता. म्हणाला, "अंकल, सिस्टम में तो यही आ रहा है." मी म्हटलं, "बेटा, सिस्टम में डाला किसने?" मग त्याने कारण सांगितलं: २.९० ही सवलत ३१ मार्चपर्यंतची होती, तुमचा करार ७ एप्रिलचा आहे, म्हणून ३.२०.

ठीक. मग मी खात्याचा पहिला उतारा त्याच्यासमोर ठेवला. त्यात कर्ज नावे पडलं होतं २३ मार्चला. मार्चएंडचं टार्गेट! चेक २३ मार्चला काढला आणि ७ एप्रिलपर्यंत शाखेच्या कपाटात ठेवला. त्या १५ दिवसांचं व्याज ८,८७७ रुपये भाचीकडून घेतलं. पैसा बँकेच्या कपाटात, व्याज भाचीच्या माथ्यावर.

म्हणजे पाहा, कर्ज मार्चचं असेल तर सवलतीचा दर द्या. एप्रिलचं असेल तर मार्चचं व्याज परत करा. व्याजासाठी मार्च आणि दरासाठी एप्रिल, असं एकाच कर्जाला दोन जन्मतारखा कशा चालतील? शाळेच्या दाखल्यातसुद्धा चालत नाहीत.

तो गप्प झाला. मॅनेजर मात्र म्हणाले, "करार पे मैडम के साइन हैं." ऐकून मला तो हातगाडीवालाच समोर दिसला. माझंच वाक्य चाळीस वर्षांनी माझ्याकडे परत आलं होतं.

घरात काय झालं, तेही सांगतो. ताई म्हणाली, "जाऊ दे रे, उद्या मुलांच्या शिक्षणाला पुन्हा त्यांच्याच दारात जायचं आहे." जावई म्हणाले, "मामा, दुसरीकडे ट्रान्सफर करून टाकू." दोघांनाही सांगितलं, कर्ज पुढे न्यायचं तर न्या, पण मागचे पैसे आपले आहेत. आणि बँक उपकार करत नाही, धंदा करते. गिऱ्हाईकाने बिल तपासलं म्हणून कुठला दुकानदार माल द्यायचा थांबतो?

जानेवारी २०२४ मध्ये लेखी अर्ज दिला, दोन्ही मुद्द्यांचा. पोच घेतली. मुदतीच्या कायद्यातली तीन वर्षं उलटली की तक्रार लंगडी होते, म्हणून "बघू पुढच्या वर्षी" हे चालत नाही. उत्तर आलं नाही. २९ एप्रिल २०२४ ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं, चेक हातात न देता चेकच्या तारखेपासून व्याज लावणं, या गोष्टी अयोग्य असल्याचं त्यात सरळ लिहिलं आहे. माझे हात आभाळाला टेकले. मे महिन्यात ते जोडून दुसरा अर्ज दिला. तीस दिवस वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली. तिला एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही.

दराच्या बाबतीत माझा मुद्दा साधा होता. १ ऑक्टोबर २०१९ पासून घरकर्जाचे बदलते दर रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधले आहेत. रेपो हलला तर दर हलेल. पण वरचा जो टक्का बँक लावते, त्यातला जोखमीचा भाग कर्जदाराची पत बरीच बदलली तरच बदलता येतो आणि बाकीचे भाग, तेव्हाच्या नियमाने, तीन वर्षांतून एकदा. इथे पंधरा दिवसांत भाचीची पत बदलली होती का? सुधारित मंजुरीपत्र दिलं होतं का? नाही.

लोकपालाचा निकाल लागण्याआधीच बँकेने तडजोड केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये टक्का २.९० वर आला, मागचा फरक आणि ते पंधरा दिवसांचं व्याज मिळून एकतीस हजारांच्या आसपास रक्कम मुद्दलात जमा झाली. माफीचा शब्द नाही. "तांत्रिक त्रुटी" एवढंच. चालेल.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द, कारण हल्ली एक नवीन पीक आलं आहे. मोबाइलवर फिरतं ना, "करारात चूक सापडली की कर्ज माफ, आम्ही पाच हजारांत कागद तपासून देतो"? साफ खोटं. कागद चुकला तरी घेतलेलं मुद्दल फिरवावंच लागतं. वाद आकड्याचा असतो, देण्याचा नसतो. आणि वाद चालू असताना हप्ता थांबवाल तर तुमचं सिबिल जाईल, नव्वद दिवसांनी खातं थकीत होईल, मग २००२ च्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस दारावर. भाचीने एकही हप्ता चुकवला नाही. हप्ता भरत भरत भांडली, म्हणून तिचं भांडण खरं ठरलं.

जे "जाऊ दे" म्हणतात आणि जे "बुडवू या" म्हणतात, दोघांचं एक सारखं आहे. दोघंही कागद वाचत नाहीत.

नवीन कर्ज घेणाऱ्या मुलांना सांगा: १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जाला मुख्य माहितीपत्रक द्यावंच लागतं, कर्जदाराला समजेल अशा भाषेत. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर असतो. ते वाचायला निदान तीन कामाचे दिवस मिळतात, ते वापरा. कोऱ्या रकान्यावर सही करू नका, मग साहेब कितीही घाईत असोत. जुनं कर्ज असेल तर मंजुरीपत्र, करार आणि खात्याचा पहिला उतारा शेजारी शेजारी ठेवा. तीन ठिकाणी दर एकच आहे का? व्याज कुठल्या तारखेपासून? पैसे हातात कधी पडले? एवढंच. दर वाढून हप्ता बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दिला आहे.

आमच्या पिढीने घर सांभाळलं, पण कागद साहेबाच्या हवाली केले. त्यातले काही साहेब आम्हीच होतो. त्या हातगाडीवाल्याचे पैसे मला परत करता आले नाहीत. भाचीचे करता आले. पंगतीतल्या त्या गृहस्थांना दुसऱ्या दिवशी फोन केला. म्हणाले, "फाईल कपाटात वर आहे, स्टूल लागेल."

मी म्हटलं, "स्टूल घेऊन मी येतो."