वराहपालन योजना: मादी पहिल्यांदा कधी फळवावी?

राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाच्या प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या 50 टक्के अनुदान मिळते. 50 माद्या व 5 नर असतील तर कमाल 15 लाख रुपये, 100 माद्या व 10 नर असतील तर कमाल 30 लाख. ते दोन हप्त्यांत येते आणि दुसरा हप्ता प्रकल्प पूर्ण झाल्याची राज्याने पडताळणी केल्यावरच मिळतो. उरलेली रक्कम बहुतेक लाभार्थी बँकेकडून घेतात. व्याज सुरू होते, मादी मात्र अजून वाढत असते. इथेच घाई होते.

या घाईला आणखी एक कारण आहे. 2019 च्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या सुमारे 90 लाख भरली, 2012 पेक्षा जवळपास 12 टक्के कमी. त्यात 2020 मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर आला आणि पुढे इतर राज्यांतही पसरला. या रोगावर उपचार नाही, बाधित ठिकाणची जनावरे नष्ट करावी लागतात. ज्यांचा गोठा असा रिकामा झाला, त्यांना तो लवकर भरायचा असतो. मग सहा महिन्यांची मादी पहिल्यांदा माजावर आली की लगेच नराकडे नेली जाते.

पहिला माज म्हणजे मादी वयात आल्याची खूण. ती पिल्ले वाढवायला तयार झाली, असा त्याचा अर्थ नाही. या माजात बीजे कमी सुटतात, म्हणून पिल्लेही कमी होतात. मादीचे स्वतःचे शरीर अजून वाढत असते, त्यामुळे गर्भ आणि दूध यांत ती खंगते. पिल्ले तोडल्यानंतर चांगली मादी साधारण चार ते सात दिवसांत पुन्हा माजावर येते, खंगलेली मादी मात्र आठवडेच्या आठवडे येत नाही. पहिल्या वेतात घाई करून मिळवलेले दिवस दुसऱ्या वेतात असे निघून जातात.

संकरित किंवा यॉर्कशायर मादीसाठी वय आठ महिन्यांच्या आसपास, वजन 90 ते 100 किलो आणि निदान दुसरा, शक्यतो तिसरा माज, हे तिन्ही जुळले की फळवावी. बहुतेक देशी जातींचा बांधा लहान असतो आणि त्या लवकर वयात येतात. त्यांना हा वजनाचा आकडा लावू नका, पशुवैद्यकाला विचारा.

वजनकाटा नसेल तर टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले 69.3, म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर 1.02 मीटर आणि लांबी 1.25 मीटर असेल तर वजन सुमारे 90 किलो.

माज दर 21 दिवसांनी येतो, दोन-तीन दिवस इकडेतिकडे. निरण सुजते, लालसर होते, मादी खाणे कमी करते, दुसऱ्यांवर चढते. काळ्या जनावरात लाली सहज दिसत नाही, म्हणून सूज पाहा. खरी परीक्षा हाताची: कमरेवर दोन्ही हातांनी दाब द्या. मादी पळाली तर वेळ झालेली नाही; पाय रोवून स्तब्ध उभी राहिली तर झाली. तरुण मादीत ही अवस्था एक-दोन दिवसच टिकते, म्हणून सकाळ-संध्याकाळ तपासा. स्तब्ध उभी दिसल्यापासून साधारण 12 तासांनी नर दाखवा, आणि पुन्हा 12 तासांनी. पुढे 18 ते 24 दिवसांत माज परतला नाही तर बहुधा गाभण आहे.

आता हिशेब पाहा. पहिला माज सोडून तिसऱ्या माजाला फळवले तर उशीर होतो 42 दिवसांचा. एवढ्या दिवसांचा खुराक लागतो, हे खरे. पण त्या खर्चाची तुलना कमी पिल्लांच्या वेताशी आणि लांबलेल्या दुसऱ्या वेताशी करा. कर्जाचा हप्ता या 42 दिवसांमुळे अडत नाही. तो अडतो प्रकल्प अहवालात उत्पन्न फार लवकर दाखवल्यामुळे. चार महिन्यांची मादी आणली तर ती फळवायला आणखी चार महिने, गाभणकाळ 114 दिवस, नंतर पिल्ले तोडायला सहा ते आठ आठवडे. म्हणजे पहिली पिल्ले विकायला नऊ ते दहा महिने लागतात. अहवालात हेच लिहा आणि परतफेडीतील सुरुवातीची सवलत त्यानुसार मागा. सहाव्या महिन्यात उत्पन्न दाखवणारा तयार अहवाल कोणी हातात दिला तर त्यावर सही करू नका.

वाट पाहणे म्हणजे कायम वाट पाहणे नव्हे. नऊ महिने झाले तरी माज नाही, तर रोज थोडा वेळ वयात आलेला नर कुंपणापलीकडून दाखवा. तरीही नाही, तर पशुवैद्यकाला दाखवा आणि ती मादी प्रजननातून काढायची का ते ठरवा.

खरेदीच्या वेळीच जन्मतारीख लेखी घ्या, दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा सड मोजून घ्या. आणि ज्या कळपातून माद्या आणल्या, त्याच कळपातून नर आणू नका, ती भावंडे असू शकतात. प्रत्येक मादीच्या कानात बिल्ला घाला आणि पहिल्या माजाची तारीख वहीत लिहा. ती तारीख नसेल तर तिसरा माज कोणता, हे कोणीच सांगू शकणार नाही.