‘चा’ इंग्रजीत कसा न्यावा

दहावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत अर्धवट दिलेली गोष्ट पुरी करायची असते. सिंदखेडराजाचा एखादा मुलगा गोष्टीत जिजाऊंना आणतो आणि ‘जिजाऊ व त्यांचे वडील’ हे लिहिताना ‘देअर फादर’ करून टाकतो. लखुजी जाधवांच्या लेकीला एकेरी म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. पण इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. तिथे ‘देअर’ म्हटले की ते वडील अनेकांचे होतात. ‘हर फादर’ म्हणण्यात कसलाही अनादर नाही, एवढे त्याला कोणी तरी सांगायला हवे होते.

अशा बहुतेक चुका मराठीच्या सवयीतून येतात. आपला ‘चा’ एकटा किती कामे करतो! गुरुजींच्या सायकलीत मालकी आहे, चांदीच्या वाटीत धातू आहे आणि घाटाखालच्या मामांत नुसता पत्ता. इंग्रजीतला अपॉस्ट्रॉफी एस प्रामुख्याने मालकीचा आणि नात्याचा. मोताळ्याचे काका ‘मोताळाज अंकल’ झाले, तर ते अख्ख्या गावाचेच काका ठरतात. तिथे ‘अंकल फ्रॉम मोताळा’ हवे. लोणारचे सरोवर सरळ ‘लोणार लेक’, चांदीची वाटी ‘सिल्व्हर बोल’. तीन दिवसांच्या रजेला मात्र ती खूण लागते, आणि तीही ‘डेज’मधल्या एसच्या पुढे. हे नियम घोकून येत नाही. चांगल्या गोष्टी मोठ्याने वाचल्या की कानात बसते.

‘त्याने हात धुतले’ हे आपले पुरे वाक्य. इंग्रजीला ‘हिज हँड्स’ म्हणावेच लागते. उलट ‘सुरेशने रमेशला आपली सायकल दिली’ म्हटले की सायकल सुरेशची, ‘त्याची’ म्हटले की बहुधा रमेशची. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’च. गोष्ट सांगताना अशा जागी नाव पुन्हा घ्यावे किंवा वाक्यच फिरवावे.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. तरीही इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे अनेक ठिकाणी कमीपणाचे मानले जाते. आम्हाला हे साफ चुकीचे वाटते. मुलाची चूक ज्या भाषेतून आली, तिचे नावच न घेता ती सुधारणार कशी? जिल्ह्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकांना आमची विनंती आहे: येत्या सत्रात एक तास ‘चा-ची-चे’ला द्या. फळ्यावर आधी मुलांचीच मराठी वाक्ये लिहा, आणि प्रत्येक ‘चा’ तिथे काय काम करतो ते त्यांनाच विचारा.