५४ नावांची न मिटलेली यादी

डिसेंबर १९७१ चे भारत-पाक युद्ध दोन आठवड्यांत संपले. २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस सहाशेहून अधिक भारतीय युद्धकैदी मायदेशी परतले आणि १९७४ पर्यंत भारताने सुमारे ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांना सोडून दिले. मात्र सैन्यदलांतील ५४ जणांची नावे कोणत्याच रकान्यात बसली नाहीत. त्यांचे मृतदेह मिळाले नाहीत आणि परतलेल्यांतही ते नव्हते. ते पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, ही भारताची धारणा. आपल्या तुरुंगांत असा एकही कैदी नाही, हे पाकिस्तानचे ठरलेले उत्तर.

या यादीत एक मराठी नाव आहे. सुखोई-७ चे वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे ५ डिसेंबर १९७१ च्या मोहिमेवरून परतले नाहीत. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची जी नावे युद्धकाळातच एका पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आली, त्यांत 'तांबे'शी मिळतेजुळते एक नाव होते. विवाहाला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय बॅडमिंटन विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्यानंतरची अनेक दशके त्यांची सरकारदरबारी दाद मागण्यात गेली.

युद्धकाळातील वृत्तपत्री दावे पारखूनच घ्यावे लागतात, हे खरे. पण पुरावा तेवढाच नाही. मेजर अशोक सुरी यांच्या हस्ताक्षरातील पत्र युद्धानंतर तीन वर्षांनी, १९७४ च्या अखेरीस, त्यांच्या वडिलांना मिळाले. पुढच्या वर्षी कराचीहून आणखी एक आले. ज्या घरात असे पत्र येते, त्या घराने मुलगा गेला असे कसे मानायचे?

व्हिएतनाम युद्धातील बेपत्ता अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या पॉलीन बॉस यांनी या अवस्थेला 'संदिग्ध वियोग' अशा अर्थाचे नाव दिले. माणूस नाही, पण गेलाही नाही, त्यामुळे शोकाला सुरुवातच होत नाही. मराठी घरात हा प्रश्न फार रोखठोक रूपात उभा राहतो. कुंकू लावायचे की नाही? पितृपंधरवड्यात पान वाढायचे की नाही? परंपरेने बारा वर्षांनंतर पालाशविधीची वाट दाखवली. कायद्याने सात वर्षे ठरवली. १८७२ च्या पुरावा कायद्यातील ही तरतूद २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम आहे. परंतु दोन्ही वाटांनी जायचे तर 'तो नाही' हे प्रथम घरच्यांनीच म्हणायचे. एका कागदावर मृत्यू मान्य करायचा आणि दुसऱ्या अर्जात सुटका मागायची, हा पेच या कुटुंबांवर टाकून शासन मोकळे झाले.

१९७९ मध्ये लोकसभेत ४० जणांची यादी सादर झाली. १९८३ मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानात जाऊ दिले गेले, २००७ मध्ये १४ नातेवाईक तेथील तुरुंग पाहून आले; दोन्ही वेळा ते रिकाम्या हातांनी परतले. इतक्या वर्षांनी तुरुंग दाखवण्यापेक्षा १९७१-७२ ची कागदपत्रे खुली करणे अधिक उपयोगाचे ठरले असते, आणि ते दोन्ही देशांनी करायला हवे होते. गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये केंद्राला आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याचा आदेश दिला; त्याला सर्वोच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. द्विपक्षीय वाद तिसऱ्या दारी न्यायचा नाही, हे सिमला करारापासूनचे धोरण येथे आडवे आले. धोरण म्हणून ते समजण्याजोगे आहे. पण द्विपक्षीय मार्गाने तरी काय साधले, याचे उत्तर कुणी दिलेले नाही. कैद्यांसाठी २००७ मध्ये नेमलेली निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती २०१३ मध्ये शेवटची भेटली.

दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश २००८ च्या करारानुसार आपापल्या तुरुंगांतील परकीय कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. पाकिस्तानच्या यादीत बहुतेक नावे मच्छीमारांची असतात. प्रत्येक वेळी भारत बेपत्ता सैनिकांचाही उल्लेख करतो. त्यांच्यापैकी बहुतेकांचे आईवडील आता हयात नाहीत. तेव्हाच्या नववधूंनी सत्तरी ओलांडली आहे.